मेल्या म्हशीचं दूध

“पार्ट काढायला नेताय ना, मग बिनधास्त न्या,” जुन्या गाड्यांचा दलाल म्हणाला. “पण चालवायचा विचार असेल तर आत्ताच सांगतो ताई, नंतर माझ्या दारात रडत यायचं नाही.”

“मी कुणाच्याच दारात रडत नाही,” ती म्हणाली. “बॉनेट उघडा.”

पत्र्याच्या कुंपणाला टेकून ती मोठी गाडी उभी होती. उंच, रुंद, सुटं चाक पाठीवर घेतलेली. डावा दिवा तडकलेला. चारी टायरांत हवा होती, अंगात जीव तेवढा नव्हता.

आवारात सगळे तिला ‘पार्टवाली’ म्हणत. अठरा वर्षं ती सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभी होती. डोळे झाकून हातात नट दिला तरी कुठल्या गाडीचा ते सांगायची. एक गोष्ट मात्र इथं कुणालाच ठाऊक नव्हती. ही गाडी तिच्या वडिलांची होती.

गुडघे साथ देईनात, लेकीला खर्चाचं ओझं नको, म्हणून दीड महिन्यापूर्वी म्हाताऱ्यानं परस्पर या दलालाला बोलावलं. सकाळी एका हाकेला उठलेली गाडी दुपारी त्याच्यासमोर उठेचना. शेवटी भंगाराच्या भावात गेली, दोर बांधून.

“पाहुण्याला पाणी दिलं, किल्ली फिरवली, आणि घोडी मेली गं माझी,” ते तेच तेच सांगत. “माझीच हयगय. मीच मारली तिला.”

गाडी धुताना ते गुणगुणायचे, ‘चार चाकांची घोडी गं, तिला लगाम ना बेडी गं’. आता अंगणातल्या तेलाच्या डागाकडे बघत बसायचे. ताटातलं अन्न तसंच राहायचं. एका संध्याकाळी तिनं ते ताट उचललं आणि म्हणाली, “बाबा, जिती असो की मेलेली, घोडी घरी आणते.”

मंगळवारी ती इथं येऊन गेली, तेव्हा दलालानं भाव आभाळाला टेकवला होता. बॉनेट उघडून तो गुण गात होता, तेवढ्यात त्याला कुणाचा तरी फोन आला. हातवारे करत तो पार फाटकापर्यंत गेला. ती थोडा वेळ गाडीजवळ थांबली, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला, आणि निघून गेली. आज भाव जमिनीवर होता. उद्या सकाळी गाडी कापायला जाणार होती.

“परवापर्यंत नुसती पळत होती हो!” दलाल छातीवर हात ठेवून म्हणाला.

“मेल्या म्हशीला मणभर दूध! विकणारा प्रत्येकजण हेच सांगतो.”

टायर रचणारे दोघे खो खो हसले. दलालाचा चेहरा आंबला.

“शपथेवर सांगतो. माझा मिस्तरी दोन दिवस खपलाय. बॅटरी नवी टाकली. फ्यूज, रिले, सगळं जागच्या जागी. इंजिन फिरतंय, पण धरत नाही. आतून गेलीय ती.”

“बरं झालं. मेलेल्या वस्तूंचं मला वावडं नाही. काउंटरखाली जळालेल्या पार्टांचा डबाच आहे माझा. एकही फेकत नाही.”

“मेलेलं कशाला जपता?”

“कुणाच्या तरी उपयोगी पडतं.”

त्यानं कागद पुढे केला. गाडी जशी आहे तशी घेतली, परत देणार नाही.

“त्याखाली लिहा, विकणाराही परत मागणार नाही.”

“मढं कोण परत मागतंय!” हसत हसत त्यानं लिहिलं आणि झोकात सही ठोकली. तिनं कागदाची चौपदरी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग फाटकाकडे पाहून हात केला.

“ओढून न्यायची तर स्टेअरिंगवर कुणीतरी लागतं ना?”

काठी टेकत एक म्हातारा आत आला. दलालाचं हसू क्षणभर अडखळलं.

“हे तर...”

“माझे वडील.”

दलाल सावरला. माणसं बघत होती, माघार कशी घ्यायची? “या आजोबा, या! स्वतः मारलीत, आता खांदा द्यायला आलात होय?”

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. “चल गं,” तो पुटपुटला, “उगाच शोभा नको. दोर बांध.”

“दोर आणलाच नाही,” ती म्हणाली. “बसा तुम्ही. किल्ली फिरवा.”

“लोकांसमोर कशाला पुन्हा...”

“लोकांसमोरच, बाबा.”

ती बॉनेटमध्ये वाकली. इंधनाच्या पंपाला वीज देणारा रिले, आगपेटीहून लहान अशी ती काळी डबी, तिनं उपटून काढली. पर्समधून हुबेहूब तशीच दुसरी काढली आणि अंगठ्यानं दाबली. टक्.

म्हाताऱ्यानं डोळे मिटून किल्ली फिरवली.

घोडी पहिल्या हाकेला उठली. पत्र्याचं कुंपण थरथरलं, टायर रचणाऱ्यांचे हात थांबले. म्हाताऱ्याचे ओठ हलत होते, पण त्या आवाजात गाणं काही ऐकू येत नव्हतं.

दलाल पुढे धावला. “अहो, रिले मी स्वतः पाहिला होता! जागेवर होता!”

“जागेवर होताच. जळालेला, माझ्या डब्यातला.” तिनं तो त्याच्या तळहातावर ठेवला आणि वडिलांच्या शेजारी चढून बसली. “तुम्ही बाबांना पाणी आणायला आत पाठवलं होतंत. मी तुम्हाला फोन घ्यायला फाटकापर्यंत पाठवलं.”