तिच्या बाजूचं दार

गाडीचं आरटीओ पासिंग जवळ आलं की नवरा दर रविवारी त्या जुनाट खटाऱ्याखाली आडवा. सायलेन्सरला पत्रा ठोकून झाला, ब्रेक बदलून झाले, तिचा चांगला टॉवेल ग्रीसने काळा करून झाला; पण तिच्या बाजूच्या दाराचं आतलं हँडल मात्र वर्षानुवर्षं तुटलेलंच.

"अहो, मी काय डिकीतलं सामान आहे, कोणी काढेपर्यंत बसून राहायला?" ती करवादायची.

"आलो, आलो," म्हणत तो वळसा घालून यायचा, बाहेरून दार उघडायचा आणि तिचे गुडघे कुरकुरतात म्हणून हात पुढे करायचा.

यंदा पासिंगच्या साहेबांनी नेमकं त्या हँडलवरूनच गाडी नापास केली. मग काय, एका दुपारीत नवं हँडल बसलं आणि गाडी पास झाली. त्या दिवशी घरापाशी उतरून नवरा किल्ली फिरवत सरळ आत निघाला. "आता उघडतंय ना तुझं दार? ये मागून!"

दार एका बोटाने उघडलं. ती मात्र गाडीला धरून धरून, कण्हत, एकटीच उतरली.

पुढच्याच रविवारी बाजारातून परतल्यावर हँडल निखळून तिच्या हातात आलं. "अरे, परवाच तर घट्ट आवळलं होतं!" नवरा चडफडत वळसा घालून आला, दार उघडलं, हात पुढे केला.



तिने एका हाताने तो हात धरला आणि दुसऱ्याने पर्स गच्च दाबली. आतले दोन स्क्रू वाजू नयेत म्हणून.