कपाळामागची गाठ

“अंगावर धातूचं काहीही राहू देऊ नका,” टेक्निशियनने दुसऱ्यांदा बजावलं.

गुरुप्रसादने घड्याळ आणि अंगठी काढून वेदिकाच्या हातात दिली. कमरेचा चांदीचा करदोटा मात्र निघेना, कडी आवळून बसली होती. शेवटी वेदिकाने खाली बसून ती दातांनी उघडली.

“हिच्या हट्टापायी हे सगळं,” तो टेक्निशियनकडे बघून हसला. “मला काय एक झालेलं नाही.”

 वेदिकाने अर्ज भरायला घेतला. पेसमेकर, नाही. शरीरात सळई किंवा स्क्रू, नाही. ‘त्रास केव्हापासून’ या रकान्यापाशी ती थांबली आणि मग ‘दोन वर्षं’ असं लिहिलं.

दार बंद झालं. आतून ठोके ऐकू येऊ लागले. पत्र्यावर कुणी हातोडा मारत असावं तसे. ती बाकड्यावर बसली आणि ठोके मोजत राहिली.

गुरुप्रसाद जयगडच्या बंदरावर क्रेन चालवायचा. लग्नानंतरची सहा वर्षं त्याने वेदिकावर कधी अरेला कारे म्हणायची पाळी येऊ दिली नव्हती. सानवी झाली तेव्हा चार रात्री तो दवाखान्याच्या ओट्यावर झोपला होता. मग काय बिनसलं कोण जाणे. आमटीत मीठ कमी पडलं, चार्जर सापडला नाही, एवढ्यावरून डोकं फिरायचं. तासाभराने पुन्हा काहीच घडलं नाही अशा थाटात चहा मागायचा. सासूबाई म्हणाल्या, कुणाची तरी नजर लागली. देवळात कौल लावून झाला.

वेदिकाला मात्र तिचे पूर्णगडचे मामा आठवले. असाच शांत माणूस एकाएकी भांडखोर झाला होता. घरचे वर्षभर त्यांनाच बोल लावत राहिले आणि शेवटी डोक्यात लिंबाएवढी गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि मामा पुन्हा अंगणात बसून जाळी विणू लागले.

तेव्हापासून तिने ध्यास घेतला. सीटी स्कॅन झाला. तो साफ आला तेव्हा सासूबाईंनी पेढे वाटले. वेदिकाने हातातला पेढा तसाच डब्यात ठेवला आणि कोल्हापूरहून दर गुरुवारी रत्नागिरीला येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर लावला.

“सकाळी डोकं धरून बसतात,” तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. “चहा घेतलानी की ओकतात.”

“मी कधी ओकलो?” गुरुप्रसादने विचारलं होतं.

“त्यांना आठवत नाही, डॉक्टर.”

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं. कपाळामागे मेंदूचा जो पुढचा भाग असतो, तिथे गाठ झाली तर माणसाचा स्वभाव पालटू शकतो. लहान गाठ सीटीत निसटते, एमआरआयमध्ये बहुधा सापडते. ती केवढी आहे, कुठल्या शिरेला चिकटली आहे, कुठून शिरून काढायची, हे सगळं त्या चित्रांवरून ठरवता येतं.

“काढली की माणूस पहिल्यासारखा होतो?”

“पुष्कळदा होतो.”

तो एक शब्द वेदिका आठवडाभर उराशी धरून होती. ऑपरेशन म्हणजे कोल्हापूरला राहावं लागेल, कवटी उघडतील, जिवाला धोका, सगळं तिला ठाऊक होतं. तिने पिशवीत चार साड्या आधीच भरून ठेवल्या होत्या.

फोन वाजला. सानवी भाट्याहून, वेदिकाच्या आईकडून बोलत होती. तीन आठवडे तिची शाळा बुडाली होती.

“बाबांचा फोटो काढून झाला?”

“चालू आहे, बाळा.”

“मग गाठ काढली की मी घरी येऊ?”

“हो. लगेच ये.”

ठोके थांबले. टेक्निशियन बाहेर आला. वेदिका ताडकन उठली.

“काही दिसलं का हो?”

“ते डॉक्टर सांगतील, ताई.”

त्याच्या चेहऱ्यावर काही वाचता येईना. दुपारी साडेचारला डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. पडद्यावर मेंदूची काळीपांढरी चित्रं एकामागून एक सरकत होती. वेदिकाने खुर्चीची कड घट्ट धरली होती.

“काही नाही,” डॉक्टर म्हणाले. “मेंदू एकदम निरोगी आहे.”

गुरुप्रसाद मोठ्याने हसला. “सांगत होतो ना!” असं म्हणून आईला फोन करायला तो बाहेर गेला. बाहेरून त्याचा खणखणीत आवाज आत येत होता.

वेदिका उठली नाही.

“पुढच्या भागात बघितलंत?”

“तिथेच आधी बघितलं.”

“अगदी तांदळाएवढी? शिरेमागे कुठे लपलेली?”

“नाही, ताई. शिरेतून औषध देऊनही चित्रं घेतली आहेत. शंकेला जागाच नाही.”

“दुसरं मशीन असतं ना मोठं? मुंबईला? आम्ही मुंबईला जातो.”

“कशासाठी?”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“अहो, नवऱ्याच्या डोक्यात गाठ नाही म्हणून कुणी रडतं का? आनंदाची बातमी आहे ही.”

वेदिकाने दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“मग डॉक्टर, माझ्या पोरीचा हात ह्यांनी शुद्धीत मोडलानी.”