न मोजलेल्या भेटी

"करून टाक ना बंद, ताई. बघत काय बसलीस?" धाकटा दारातून म्हणाला. त्याच्या काखेत दुकानाची पाटी होती. स्क्रू काढताना तिचा एक कोपरा मोडला होता.

ताई जाहिरातींचं खातं उघडून बसली होती. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान धाकट्याचं, पण इंटरनेटवरच्या त्याच्या जाहिराती ती बघायची. घरी बसून अशा आणखी चार जणांच्या बघायची. तेच तिचं काम. कुणी 'शिलाई मशीन दुरुस्ती' असं शोधलं की धाकट्याची जाहिरात सर्वांत वर यायची. तिच्यावर कुणी बोट लावलं की त्या क्लिकचे पैसे कापले जायचे. दिवसाला अकरा क्लिक परवडायचे. अकरा संपले की जाहिरात दुसऱ्या दिवसापर्यंत गायब.

पहिले काही महिने तेवढ्यावर रोज दोन-तीन गिऱ्हाइकं यायची. मग एकाएकी सकाळी सातच्या आत सगळे क्लिक संपू लागले. जाहिरातवाली कंपनी म्हणायची, क्लिक झालेत. भेटींचा रिपोर्ट म्हणायचा, दुकानाच्या साइटवर कुणी आलंच नाही. क्लिक अकरा, भेटी शून्य. ताईने तक्रार केली. कंपनीने चार दिवसांचे पैसे परत दिले आणि हात झटकले. शेवटी तिच्याच तोंडून निघून गेलं, "मुद्दाम करतात रे असं लोक. धंद्यातलाच असणार कुणीतरी."

धंद्यातला म्हणजे समोरचा सुतळी. लहानपणी काडीसारखा होता म्हणून सुतळी. आता चांगलं पोट सुटलं होतं, तरी नाव तेच. दोघं एकाच मिस्त्रीच्या हाताखाली शिकले आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दुकानं टाकून बसले. तेलाची एकच बुधली दोन्ही दुकानांत फिरायची.

त्या दिवशी धाकटा तरातरा रस्ता ओलांडून गेला.

"अरे, मलाही तेच होतंय!" सुतळी म्हणाला. "मला तर वाटलं, तूच..."

पुढचं धाकट्याने ऐकून घेतलं नाही. गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कानफटात ठेवून दिली. सुतळीने हात उचलला नाही. "एवढंच ओळखलंस होय मला?" इतकंच म्हणाला.

गेल्या आठवड्यात सुतळीचं शटर कायमचं खाली आलं. परगावच्या कुठल्याशा कारखान्यात लागला म्हणे. जाताना कुणाला सांगितलं नाही. तरी क्लिक काही थांबले नाहीत. "बघ, तिथूनही करतोय. काय ही खुन्नस!" धाकटा म्हणाला. आणि आज त्याचीही पाटी खाली आली. दुपारी मशिनी न्यायला टेम्पो यायचा होता.

खातं बंद करण्याआधी सगळा रिपोर्ट एकदा उतरवून ठेवावा, म्हणून ताईने त्यावरच्या चाळण्या, म्हणजे फिल्टर, काढायला घेतल्या. शेवटची चाळणी तिने पहिल्याच दिवशी लावली होती आणि साफ विसरून गेली होती. घरच्या इंटरनेटवरून कुणी साइट उघडली तर ती भेट धरायची नाही. आपणच आपलं दुकान बघायचं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून आनंदायचं, असं नको.

तिने ती काढली. शून्यांच्या जागी आकडे उभे राहिले.

अकरा. अकरा. अकरा. रोज सकाळी साडेसहा ते सात. एकच फोन. मागच्या महिन्यातल्या दोनच सकाळी कोऱ्या होत्या. त्या दोन दिवसांत बाहेरून अकरा-अकरा जण येऊन गेले होते आणि धाकट्याला जेवायलाही फुरसत मिळाली नव्हती.

साडेसहाला या घरात एकच माणूस जागं असतं. ताई उठली आणि आतल्या खोलीत गेली. धाकटाही पाटी घेऊन तसाच मागे आला.

आई कॉटवर बसली होती. मांडीवर जपमाळ, शेजारी फोन.

"आई, सकाळी तू फोनवर काय करतेस गं?"

आई लाजली. "कळलं होय? अगं, सांगितलं की नेमाचं फळ जातं म्हणून बोलले नाही. क्लिक कमी पडतात, क्लिक वाढले पाहिजेत, असं तू फोनवर सारखी म्हणायचीस ना? माझ्याच्यानं दुसरं काय होणार? जप झाला की दुकानाचं शोधायचं, नाव आलं की बोट लावायचं, पुन्हा मागे यायचं. अकरा वेळा. अकरा झाले की नाव आपोआप नाहीसं होतं बघ. मी समजायची, पोचलं."

धाकट्याच्या काखेतली पाटी खाली घसरली. ती त्याने उचलली नाही.

"बंद करताय ना दुकान?" आईने विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. "माझंच चुकलं. मागच्या महिन्यात त्या तापात दोन दिवस खंड पडला."

"नाही गं," धाकटा कसंबसं म्हणाला. तो तिच्या पायांशी बसला. "तुझं काही चुकलं नाही. तुझ्यामुळेच तर इतके दिवस निघाले."

आईने त्याच्या केसांतून हात फिरवला. मग काहीतरी आठवून तिने ताईकडे पाहिलं.

"आणि सुतळ्याचं नाव का येत नाही गं आठवडाभर? बरा आहे ना तो? रोज आधी त्याचे अकरा करायची मी, मग आपले. त्याला आई नाही ना."