पाचव्या खोलीचा पडदा

पाच खोल्यांच्या तापमानाचे पाच कॉम्प्युटर-पडदे; त्यांतले चार लाल झाले होते. पाचवा मात्र शांतपणे साडेसदतीस अंश दाखवत होता.

“उघडू का?” ताईचा हात पहिल्या खोलीच्या कडीवर होता. उबवणी केंद्र तिचं. आत हजारो अंडी, उद्या पिल्लं बाहेर येणार. अशा वेळी दार उघडलं की आतली वाफ जाते, टरफलाखालचा पापुद्रा सुकतो आणि पिल्लू जागीच अडकतं. न उघडावं आणि ऊब खरंच गेली असेल, तरीही मरतंच.

“मुळीच नको,” धाकटा भाऊ म्हणाला. “पाचही खोल्यांना एकाच बॉयलरची ऊब. माझ्या खोलीत आहे म्हणजे सगळीकडे आहे. बोंबलतायत ते दाजींचे प्रोग्राम!”

दाजी, म्हणजे ताईचा नवरा, घाम पुसत होता. त्याच्या चारही प्रोग्रामना तापमापी वाचून द्यायची एकच सामायिक लायब्ररी, म्हणजे बाहेरून घेतलेला तयार कोड, आणि तिची नवी आवृत्ती त्याने सकाळीच टाकली होती. मेहुण्याने, म्हणजे ताईच्या धाकट्या भावाने, तीच लायब्ररी, जुनी, आपल्या पाचव्या खोलीच्या प्रोग्रामच्या पोटात कायमची बांधून घेतली होती. प्रोग्राम इतका फुगला की त्याला उचलताना कॉम्प्युटर कण्हतो, असं लोक सांगत.

“तुमच्याकडे एकाला शिंक आली की चौघांची नाकं गळतात,” मेहुणा म्हणाला. “माझा घरची शिदोरी बांधून निघतो. कुणाच्या दारात पीठ मागत नाही.”

“शिदोरी गेल्या वर्षीची आहे, मेहुणे,” दाजी पुटपुटला. पण आवाजात दम नव्हता. मागे बॉयलरही मांजरासारखा घुरघुरत होता.

ताईने कडी सोडली. “अहो, ती जुनीच परत टाका.”

टाकण्याआधी दाजीने लायब्ररी सांभाळणाऱ्या बाईंना फोन लावला.

“अजिबात टाकू नका!” बाई सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. “जुनीत खोट होती. तापमापी मुकी झाली तरी ती शेवटचा आकडाच दाखवत बसायची. नवी निदान ओरडते तरी!”

तापमापी आणि खोल्यांतून बॉयलरचं गरम पाणी खेळवणारा पंप एकाच फ्यूजवर होते; एक गेलं की दुसरंही जाणार.

पाचव्या खोलीचं दार मेहुण्याने स्वतःच उघडलं. एक अंडं उचललं, गालाला लावलं.

“पळा, दाजी,” तो म्हणाला. “पंप बंद आहे.”