दिवस मावळायच्या आत

हातातलं खोकं जिन्याखाली ठेवून अभिनंदननं पावसात भिजलेला कोट झटकला आणि दार उघडलं. भर दुपारी आई एकटीच जेवायला बसत होती.

दिवस मावळल्यावर खायचं नाही, हा सांगलीच्या जैन घरातला तिचा जन्माचा नेम. जूनमध्ये ती स्कॉटलंडला आली तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असायचा, दोघं रोज बरोबर जेवायची. डिसेंबरात साडेतीनलाच दिवस मावळू लागला. तो कामावरून परतेपर्यंत तिनं एकटीनं कसेबसे चार घास पोटात ढकललेले असायचे. ती वाळत चालली होती.

आज त्याला पाहून ती लगबगीनं उठली. "हात धू, भाकरी गरम आहे." बोलता बोलता ती स्वतःही दुसरी भाकरी जेवली. बाहेर ढगांमागचा उजेड विझत चालला होता.

"रोज असं लवकर यायला मिळालं तर किती बरं रे."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. खोक्यात ऑफिसातल्या टेबलावरचं त्याचं सगळं सामान होतं. उद्यापासून येऊ नका, असं साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं.

"येईन की," तो म्हणाला, आणि तिनं समाधानानं त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.