ओतीव अ‍ॅक्सल

"हळू घे, नेल्डा. ओतीव माल आहे तो," खालून डेलॉय ओरडला. "पोटात बुडबुडा असेल तर कटकन जाईल!"

चार-पाच जण हसले. नेल्डाने रिमोट घट्ट धरला. घटस्फोटाला पाच वर्षं झाली, तरी या माणसाचं तोंड अजून तिच्याच कामावर चालत होतं.

तिची हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी गाडी लाल खडकाच्या उभ्या अंगावर, स्पर्धेच्या आठव्या झेंड्यापाशी चिकटून होती. केनॅब गावच्या, अशा गाड्या खडकावर चढवणाऱ्या क्लबात बाकी सगळ्यांच्या गाड्यांना दुकानातले अ‍ॅक्सल. हिचे दोन्ही घरचे: मेणात कोरलेले, साच्यात ओतलेले, कवळीच्या सांगाड्याला लागतो त्या कडक धातूचे. सहा महिने खपली होती ती त्यांच्यामागे. तीस वर्षं या नवरा-बायकोने डेंटिस्ट लोकांना कवळ्या बनवून दिल्या. कोरायचं तिने, ओतायचं तिने, आणि भिंग डोळ्याला लावून "बुडबुडा आहे, परत कर" म्हणायचं डेलॉयने. धातूत अडकलेल्या हवेचा तो बुडबुडा कधी असायचा, कधी नसायचा. परत मात्र दर वेळी करावं लागायचं. या अ‍ॅक्सलमध्ये तो नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आज ते त्याच्या डोळ्यांदेखत सिद्ध व्हायला हवं होतं. पत्र्याचा कप कोणाला का मिळेना.

"चाळीस सेकंद उरले, नेल्डाबाई," पंच म्हणाला. गार्थ त्याचं नाव. एरवी शाळेची बस चालवायचा, आज गळ्यात शिट्टी होती.

तिने जोर दिला. मोटर कण्हली. पुढची दोन्ही चाकं कडेवर चढली, मागचं एक हवेत लोंबकळलं, आणि गाडीचा सगळा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर आला. त्याने तो पेलला. नेल्डाने श्वास सोडला, आणि तेवढ्यात चाकाखालची एक कपची निसटली. गाडी मागे कलंडली. खाली दोन पुरुष खोल नुसता दगड होता.

डेलॉयने हात पुढे करून ती वरच्या वर झेलली.

शिट्टी वाजली. "हात लागला. दहा गुण गेले," गार्थ म्हणाला. "हात कुणाचाही असो, नियम तो नियम."

"गुण गेले, पण गाडी तरी वाचली," डेलॉय लोकांकडे बघत म्हणाला. "नाहीतर संध्याकाळपर्यंत तुकडे वेचत बसली असती. आभार मान माझे."

नेल्डा खडकावरून बसत-घसरत उतरली. गुडघे ठणकत होते. रडू येईल की काय असं वाटत होतं, आणि त्यामुळे ती आणखीच चिडली. आता मरेपर्यंत गाव हेच सांगणार होतं: डेलॉयने झेलली म्हणून वाचली.

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये हात घालायला?"

"अगं, फुटली असती!"

"नसती फुटली."

"तुझं ओतकाम मला सांगू नकोस. तीस वर्षं बघितलंय मी."

"बघितलंस कधी? नुसतं नापास केलंस."

तिने त्याच्या हातातून गाडी ओढून घेतली आणि तिथेच खाली मांडी घातली. स्क्रू काढले. चाकं काढली. पुढचा अ‍ॅक्सल सुटा करून त्यातली दातेरी चक्रं हत्यारांच्या डब्यात ठेवली. मग तिने तो दोन दगडांवर आडवा ठेवला आणि डब्यातली हातोडी उचलली.

"नेल्डाबाई, अहो, असं काय करताय," गार्थ म्हणाला.

पहिला घाव नुसता खणकला. दुसऱ्याने खालच्या दगडाचा टवका उडाला. तिसऱ्याला अ‍ॅक्सल मधोमध, जाड पोटापाशी तुटला. बुडबुडा असलाच तर तिथेच असतो. ते दोघांनाही माहीत होतं.

एक अर्धा तुकडा तिने डेलॉयच्या तळहातावर ठेवला.

"बघ."

भिंग अजून त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्याला होतं. त्याने ते डोळ्याला लावलं, तुकडा उन्हात धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. तुटलेली कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी होती, बारीक दाण्याची, साखरेसारखी. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्यालाही काही लागलं नाही. नेल्डा त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती, आणि अजूनही आपण तिथेच बघतो आहोत याची तिला लाज वाटत होती.

डेलॉयने भिंग खाली घेतलं.

"आणि मागचा?"

नेल्डाचा हात हातोडीकडे गेला. दांड्याभोवती बोटं मिटलीसुद्धा. तीस वर्षं तो हात असाच जात आला होता, त्याने नुसतं म्हणायचा अवकाश.

तिने बोटं एकेक करून सोडवली. हातोडी डब्यात टाकली, डबा बंद केला, पुढचा भाग नसलेली गाडी काखेत मारली.

"तो तुकडा ठेव तुला," ती म्हणाली. "मागचा माझ्याबरोबर घरी येतोय."