गल्लीतली मतं

निवडणुकीचा निकाल लागला आणि शिलाईवाल्या ताई पडल्या. बाकीच्या वस्तीनं त्यांना बरी साथ दिली होती. पण ज्या गल्लीच्या नळासाठी, दिव्यांसाठी त्यांनी इतकी वर्षं कचेरीचे उंबरे झिजवले, त्या स्वतःच्याच गल्लीनं त्यांना तोंडघशी पाडलं होतं.

सकाळी त्या मशीनवर बसल्या खऱ्या, पण सुईत दोरा काही ओवला जाईना.

"लोकांना चिन्ह ओळखता आलं नसेल," नवरा म्हणाला. "पुढच्या वेळी नक्की निवडून येशील बघ."

ताईंनी मान हलवली. त्यांनाही तसंच मानायचं होतं.

तेवढ्यात शेजारच्या काकू लगबगीनं दारात आल्या. "अगं, गटार तुंबलंय. घाण पाणी पार माझ्या चुलीपाशी आलंय. चल ना कचेरीत, तुझ्याशिवाय तिथं आम्हाला कोण विचारतंय?"

ताईंचा संयम सुटला. "ज्यांना निवडून दिलंत, त्यांना सांगा की!"

"ते? ते आता कशाला फिरकतायत इकडं!"

"मग मला का नाही दिलंत मत? खरं सांगा काकू, माझं काय चुकलं?"

काकूंना जराही ओशाळल्यासारखं झालं नाही. त्यांनी ताईंच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.



"निवडून आलेला माणूस परत हाती लागत नाही गं. म्हणून तर सगळ्या गल्लीनं मिळून ठरवलं, तुला पाडायचं."